हाताने करायचा उपचार मेडिकल कॉलेजात न्यायचा, पण कसा?

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, वय ३४. यावल तालुक्यात माझा दवाखाना आहे. पदवीनंतर काही वर्षांनी मी ऑस्टिओपॅथीचा, म्हणजे हाडं, सांधे, स्नायू हाताने हाताळून उपचार करायच्या पद्धतीचा, अर्धवेळ कोर्स केला. माझ्याकडे केळीचे घड वाहणारे मजूर, कापूस वेचणाऱ्या बाया, एसटीचे ड्रायव्हर येतात. गोळ्या, इंजेक्शन आणि कंबरपट्टा यापलीकडे त्यांना कुणी काही दिलेलं नसतं. हाताने नीट तपासून सांधे आणि स्नायू मोकळे केले की पुष्कळांना आराम पडतो. हे एमबीबीएसच्या मुलांना शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून एका मेडिकल कॉलेजात हाडांच्या विभागप्रमुखांना भेटले आणि ऑस्टिओपॅथीची ओळख करून देणाऱ्या व्याख्यानमालेसाठी वेळ मागितली. 'मालिशवाल्यांचं काम इथे नको' म्हणून त्यांनी परत पाठवलं. कोर्समधले सहकारी म्हणतात, डॉक्टर लोक आपल्यावर जळतात. आपण आपली अकादमी काढू आणि बारावी झालेल्यांनाही सर्टिफिकेट देऊ. कवटीच्या हाडांची लय ओळखून दमा, वंध्यत्व यांवर करायचे उपचारही आम्हाला शिकवले होते, तेही त्यांना त्यात घ्यायचे आहेत. माझे आजोबा चोपड्याकडचे हाडवैद्य, ऐंशी पार केलेले. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जाईल याचंही वाईट वाटतं. मी कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

ताई,

'मालिशवाले' हा शब्द तुम्हाला लागला असेल, आणि तो लागावा असाच होता. ज्या विभागात तुम्हाला तो ऐकावा लागला, तिथे थॉमस स्प्लिंट नक्की असणार. मांडीचं हाड मोडलेला पेशंट आला की लोखंडी सळईची लांब चौकट पायाला लावतात, ती. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते ह्यू ओवेन थॉमस हाडवैद्यांच्या वेल्श घराण्यातले. त्यांचे वडील इव्हान थॉमस लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचे. पदवी नव्हती, म्हणून त्यांच्यावर पुन्हा पुन्हा खटले झाले. त्या जाचाला कंटाळून त्यांनी पाचही मुलांना डॉक्टर केलं. ह्यू १८५७ मध्ये पास झाले, वडिलांबरोबर थोडा काळ काम केलं, पटलं नाही म्हणून वेगळे झाले. पण घरात पाहिलेलं हाड बसवणं आणि कॉलेजात शिकलेलं शरीरशास्त्र, दोन्ही त्यांनी सोडलं नाही. पुढे त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी पहिल्या महायुद्धात तो स्प्लिंट आघाडीवर नेला आणि मांडी मोडलेल्या हजारो सैनिकांचा जीव वाचला. आज ज्याला आपण ऑर्थोपेडिक्स म्हणतो त्याच्या पायाभरणीत ही दोन नावं अगदी वर आहेत. लंडनचे नामांकित सर्जन जेम्स पॅजेट यांनी तर १८६७ मध्ये हाडवैद्य जे पेशंट बरे करतात त्यांवरच व्याख्यान दिलं. त्यांच्यातलं चांगलं ते उचला, वाईट ते टाळा, असं त्यांचं सहकाऱ्यांना सांगणं होतं.

तेव्हा हाडवैद्याची नात हाताचा उपचार शिकवायला मेडिकल कॉलेजच्या पायऱ्या चढली, यात वावगं काही नाही. आता तुम्ही तिथे काय मागितलंत ते बघू. तुम्ही ऑस्टिओपॅथीसाठी, म्हणजे एका अख्ख्या पंथासाठी जागा मागितलीत. माझा सल्ला असा की ऑस्टिओपॅथी नेऊ नका. तिच्यातली एकेक कृती न्या. एका वेळी एक आजार, एक तपासणी, एक हातोटी, आणि तिच्याबरोबर तिच्या नोंदी.

असं का म्हणतो ते सांगतो. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ मध्ये ऑस्टिओपॅथी मांडली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं. १८६४ मध्ये त्यांची तीन मुलं मेंदूज्वराने गेली होती. पारा आणि अफूवर चालणाऱ्या तेव्हाच्या औषधोपचारावर त्यांचा विश्वास उडाला असेल तर नवल नाही. हाडांची जागा चुकते, त्याने रक्ताची वाट अडते आणि त्यातूनच रोग होतात, असा त्यांचा सिद्धान्त होता. तो टिकला नाही. अमेरिकेतली ऑस्टिओपॅथीची कॉलेजं मात्र टिकली, कारण त्यांनी हळूहळू सगळं आधुनिक वैद्यक आपल्या अभ्यासक्रमात घेतलं. आज तिथला डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या पदवीचा, डॉक्टर नेहमीच्या एमडी डॉक्टरच्या बरोबरीने औषधं लिहितो, ऑपरेशन करतो. मान्यता पूर्ण मिळाली. पण त्यातले बहुसंख्य डॉक्टर स्टिल यांचे हाताचे उपचार आपल्या पेशंटवर क्वचितच करतात. शंभर वर्षांच्या झगड्यानंतर पंथाला दार उघडलं आणि तुम्हाला जी गोष्ट प्रिय आहे तीच मागे पडली.

आता दुसरी वाट बघा. पाऊल आत वळलेलं बाळ जन्माला येतं, क्लबफूट म्हणतात त्याला. अमेरिकेतल्या आयोवात इग्नासिओ पॉन्सेटी नावाचे डॉक्टर अशी पावलं हाताने सरळ करायचे. दर आठवड्याला ठराविक क्रमाने पाऊल हलकेच ताणायचं, मांडीपर्यंत प्लास्टर घालायचं, पुढच्या आठवड्यात काढून पुन्हा थोडं ताणायचं. साधारण पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक बारीकसा छेद, आणि मग तीन-चार वर्षांचं होईपर्यंत रात्रीचे विशेष बूट. त्यांनी हे १९६३ मध्ये छापलं. सर्जन मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही. मोठमोठी ऑपरेशनं चालूच राहिली आणि ती मुलं मोठी झाल्यावर कडक, दुखऱ्या पायांनी चालत राहिली. पॉन्सेटी मात्र आपल्या पेशंटांचा पाठपुरावा करत राहिले. लहानपणी उपचार झालेली मुलं तिशीत कशी चालतात याचा अहवाल १९९५ मध्ये आला आणि त्यानंतर जगभर चित्र पालटलं. आज आपल्याकडच्या सरकारी हॉस्पिटलांतही हीच पद्धत चालते आणि कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ तिला 'पर्यायी' म्हणत नाही.

चक्करचंही तसंच. कानातले सूक्ष्म खडे भलत्या नळीत गेले की कूस बदलताच घर गरगरतं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांनी पेशंटला टेबलावर झोपवून डोकं ठराविक कोनांतून वळवत ते खडे जागेवर आणायची रीत शोधली. सुरुवातीला हसे झाले. १९९२ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला, मग इतरांनी ती रीत तपासून पाहिली, आणि आज ती कान-नाक-घशाच्या ओपीडीत नेहमीची आहे. औषध शून्य, खर्च शून्य, पाच-दहा मिनिटांचं काम. इंटर्नला एका दुपारी शिकवता येतं. पॉन्सेटी आणि एप्ली यांनी जग कसं चालतं याचा नवा सिद्धान्त मागितला नव्हता. एका दुखण्यावर एक कृती दाखवली आणि ती मोजू दिली.

तुमच्याकडे अशा कृती आहेत. मला विचाराल तर पहिली निवडा लहान मुलाचा निखळलेला कोपर. आठवडी बाजारात गर्दीत आई दोन-अडीच वर्षांच्या पोराला हाताला धरून खसकन ओढते. पोर किंचाळतं आणि मग तो हात हलवायलाच तयार होत नाही. कोपर किंचित वाकवून, अंगाशी धरून बसतं. सूज नसते, बोटं हलत असतात. रेडियस या हाडाचं डोकं त्याच्याभोवतीच्या पट्टीतून जरासं निसटलेलं असतं. नवा डॉक्टर एक्स-रे काढतो, त्यात काही दिसत नाही, पोराला झोळी बांधून घरी पाठवतो. मग ती आई तुमच्या आजोबांकडे जाते. आजोबा कोपर एका हाताच्या मुठीत धरतात, अंगठा त्या हाडाच्या डोक्यावर ठेवतात, दुसऱ्या हाताने पोराचा पंजा जमिनीकडे पालथा वळवतात. अंगठ्याखाली बारीकशी टक् जाणवते. थोड्या वेळात पोर त्याच हाताने बिस्किट मागून घेतं. पंजा वर वळवून कोपर दुमडायची जुनी रीत पुस्तकात आहे, पण पालथं वळवल्यावर पहिल्याच खेपेला जमण्याची शक्यता जास्त, असं अभ्यासांत दिसलं आहे. ही कृती प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरला यायला हवी आणि किती जणांना येत नाही हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

याच धड्याचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा. पोर पडलं असेल, कोपर सुजलं असेल, तर हात लावायचा नाही, आधी एक्स-रे. कोपराच्या वर हाड मोडलेलं असतं आणि वरून मालिश झाली तर स्नायूत हाड धरतं. मग तो कोपर जन्मभर पुरता वाकत नाही. आणि सुजलेल्या हाताला बांबूच्या कामट्या कच्चून बांधल्या तर रक्त अडून स्नायू मरतात, पंजा पक्ष्याच्या नख्यांसारखा आखडतो. विभागप्रमुखांच्या तोंडून तो कडवट शब्द निघाला त्यामागे असे हात असणार. काळी पडलेली बोटं घेऊन मध्यरात्री कुणी येतं आणि ती कापायची वेळ येते, तेव्हा कापणारा सर्जन ते विसरत नाही. 'डॉक्टर जळतात' म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांनी त्या वॉर्डात एक रात्र काढावी.

म्हणून कॉलेजात तुमचं पहिलं व्याख्यान 'हात कुठे लावायचा नाही' यावर असू द्या. कंबरदुखी आहे, सोबत संध्याकाळचा ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोपेतून उठवणारी कळ आहे: मणक्याचा क्षयरोग समजा आणि तपासा. लघवी अडली किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला: त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात. सत्तरीची बाई नुसती वाकली आणि पाठीत लचक भरली: हाड ठिसूळ झालेलं असेल, दाब देऊ नका. पूर्वी कॅन्सर झालेला असेल तर तेच. हे सगळं मुलं पुस्तकातून पाठ करतात, पण समोर पायजमा वर करून बसलेल्या मजुराला हे प्रश्न विचारायचे असतात हे त्यांना कुणी दाखवत नाही.

आपल्या भागापुरती यात एक भर घालतो, ती कुठल्याही परदेशी कोर्समध्ये तुम्हाला मिळणार नाही. धडगाव, अक्कलकुव्यापासून चोपडा, यावलच्या सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत सिकलसेल आहे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. त्या पोरांच्या लांब हाडांत अचानक असह्य कळा येतात. खुब्याच्या सांध्यातल्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरणा मुलगा लंगडू लागतो. घरचे म्हणतात वात आहे, नस चढली आहे, आणि हाडवैद्याकडे नेतात. चोळून, ओढून त्याचं दुखणं वाढतं आणि खरं निदान महिनोन्महिने लांबतं. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, रक्त तपासणी सरकारी केंद्रांत होते. हाडं दुखत असलेल्या आदिवासी मुलाला हात लावण्याआधी सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हा प्रश्न तुम्ही तुमच्या केसपेपरवरच छापून घ्या. असा केसपेपर घेऊन तुम्ही पुन्हा गेलात तर तुमच्याशी बोलण्याचा सूर बदलेल, याची मला खात्री वाटते.

मान. मानेला झटका द्यायचं विद्यार्थ्यांना शिकवू नका, तुम्हालाही करू नका असंच सांगेन. सलूनमध्ये दाढीनंतर मान कडकन मोडून घ्यायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी ती वाढवली आहे. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी अशा झटक्याने आतून फाटू शकते. विरळा घडतं, पण घडतं तेव्हा तरुण माणसाला पक्षाघात होतो. आणि तो 'कडक' आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. मानेसाठी हळुवार हालचाली आणि व्यायाम पुरेसे आहेत.

कवटीच्या लयीचं काय? सोडून द्या. एकाच माणसाची ती लय दोन-तीन प्रशिक्षित थेरपिस्टनी वेगवेगळी मोजली तर त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, हे तपासून झालेलं आहे. जे मोजणाऱ्यांनाच सापडत नाही त्यावर दमा आणि वंध्यत्वाचे उपचार उभे करणं पेशंटवर अन्याय आहे. इनहेलर सोडून डोकं धरून घ्यायला आलेल्या दमेकऱ्याचं काय होईल याचा विचार करा. हे कॉलेजात नेऊ नकाच, दवाखान्यातूनही काढा. एवढं एक पान फाडलंत तर तुमच्या उरलेल्या पानांवर लोक विश्वास ठेवतील.

आणि कंबरदुखी, तुमच्या कामाचा मोठा भाग. इथे स्वतःला फसवून चालणार नाही. नव्याने उद्भवलेली साधी कंबरदुखी काही आठवड्यांत बहुतेकांची आपोआपच कमी होते, त्यामुळे 'माझ्याकडे आला आणि बरा झाला' एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जुनाट दुखण्यात हाताचे उपचार मध्यम स्वरूपाचा फायदा देतात, इतर चांगल्या उपचारांइतका. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितलं की कंबरदुखीत आधी औषधाविना उपचार करा, आणि त्यात शेक, मालिश, मणक्याचे हाताने उपचार, व्यायाम ही नावं आहेत. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, हाताचे उपचार द्या, पण एकटे नकोत, व्यायामाच्या जोडीने. म्हणजे चमत्कार नाही, पण उपयोग आहे. आपल्याकडे त्याची किंमत जास्त आहे, कारण आपल्या मजुराला सध्या काय मिळतं ते पाहा. एमआरआय काढतात, 'मणक्यात गॅप आलाय' म्हणून सांगतात, तो माणूस वाकायलाही घाबरू लागतो. मग ताकदीचं सलाईन, महिनोन्महिने दुखण्याच्या गोळ्या, आणि पोट नि किडनी त्याचं मोल चुकवतात. चाळिशीनंतर एमआरआयमध्ये गादीची झीज तर काहीच न दुखणाऱ्या माणसांतही दिसते, हे त्याला कुणी सांगत नाही.

तुमच्या हातातली जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती इथे आहे. मी धुळ्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांना बरीच वर्षं शिकवलं. यकृत किती बोटं लागतं, छातीवर बोट ठोकून पाणी कसं ओळखायचं, हे मुलं मन लावून शिकतात. पाठ तपासायला मात्र त्यांच्या वाट्याला येतच नाही. शर्ट न काढता, हात न लावता पेशंट एमआरआयला रवाना होतो. वीस-पंचवीस किलोंचा घड डोक्यावर घेऊन दिवसभर ओल्या बागेत चालणाऱ्या माणसाची मान आणि खांद्यामधली गाठ बोटांनी शोधणं, कमरेला ओटी बांधून सकाळपासून वाकलेल्या बाईला 'वाकून दाखव, कुठे आल्यावर दुखस?' असं तिच्या अहिराणीत विचारणं, कोणत्या हालचालीने दुखणं कमी होतं ते तिच्यासमोर शोधून तिला दाखवणं: ही तपासणी कोणत्याच पंथाची नाही. ती डॉक्टरकीतून हरवत चालली आहे. तुम्ही ती परत आणू शकता.

आता वाट कशी काढायची. एमबीबीएसचा अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, परीक्षा आपल्याकडे नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. विभागप्रमुखांच्या मनात असतं तरी त्यांना नवा विषय घालता आला नसता. पण २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याने स्वतः निवडायचा 'इलेक्टिव्ह'चा काळ आहे, कौशल्य प्रयोगशाळा आहे, इंटर्नशिप आहे. या फटी तुमच्या आहेत. मी हाडांच्या विभागाऐवजी आधी पीएसएमचं, म्हणजे समाजाचं आरोग्य आणि रोगप्रतिबंध पाहणाऱ्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाचं दार ठोठावलं असतं. त्यांची ग्रामीण आरोग्य केंद्रं असतात, त्यांना शेतमजुरांच्या आजारांवर काम हवंच असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. एका दारात नकार मिळाला म्हणजे खान्देश संपला असं नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, दरवर्षी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यार्थिवृत्ती देते. एखादी हुशार मुलगी आणि एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळाले तर 'केळी मजुरांची मान आणि पाठ' हा विषय त्यात चपखल बसेल. कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी आधी घ्या. पुढे उपचारांची तुलना करायची झाली तर भारतीय क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत आधी नोंदणी करावी लागते, ती टाळू नका.

नोंदी आजपासून ठेवा. दुखणं शून्य ते दहात किती, पुढे वाकल्यावर बोटं जमिनीपासून किती सेंटिमीटर, किती वेळ बसवतं, कामावर गेला की नाही. हे उपचाराआधी, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी. जे आलेच नाहीत त्यांनाही फोन करून विचारा. ज्यांना फरक पडला नाही आणि ज्यांचं दुखणं वाढलं त्यांची पानं सगळ्यांत जपून ठेवा, कारण विभागप्रमुख पहिला प्रश्न त्यांच्याबद्दलच विचारतील. पुन्हा भेटाल तेव्हा व्याख्यानमाला मागू नका. 'सर, तुमच्या ओपीडीतले ऑपरेशनची गरज नसलेले कंबरदुखीचे पेशंट आठवड्यातून एक दिवस तुमच्यासमोर तपासते, इंटर्न शेजारी उभे राहू देत,' एवढंच म्हणा. पाटीवर फिजिओथेरपिस्ट लिहा. ते नाव कमी प्रतीचं नाही.

अकादमीला माझा स्पष्ट नकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये ऑस्टिओपॅथीच्या प्रशिक्षणाचे निकष छापले. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्याला ४२०० तास, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली पेशंटबरोबर. आधीच आरोग्य व्यावसायिक असलेल्यालाही साधारण १००० तास. बारावीच्या मुलाला काही रविवारांत सर्टिफिकेट देणं म्हणजे त्याच्या हाती दुसऱ्याचा मणका देणं. शिवाय आपल्या देशात ऑस्टिओपॅथीला स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. पेशंटला हात लावायचा तुमचा अधिकार फिजिओथेरपीच्या नोंदणीतून येतो. त्यामागे राज्याचा २००२ चा आणि केंद्राचा २०२१ चा कायदा उभा आहे. तो अधिकार सहकाऱ्यांच्या उत्साहापायी पणाला लावू नका.

राहिले आजोबा, आणि तिथे घाई करा. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाच्या चार क्रिया सांगितल्या आहेत: आंछन म्हणजे ताणणं, पीडन म्हणजे दाबणं, संक्षेप म्हणजे तुकडे जुळवणं, आणि बंधन. आजोबा नाव न घेता याच करत असतील. ग्रंथात आहे म्हणून ते आपोआप बरोबर ठरत नाही. पण शिकवण्याजोगं काय आहे ते त्यातून वेचता येतं. पेशंटची परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचे हात टिपा, चेहरे नको. 'हे कसं ओळखलं?' असं प्रत्येक वेळी विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कोणाला परत पाठवता, हेही विचारा. चांगला हाडवैद्य पुष्कळांना परत पाठवतो आणि ते नकार कॉलेजच्या मुलांना फार शिकवतील.

त्यांनाही काही द्या. इथिओपियात हाडवैद्यांना एका दिवसाचं प्रशिक्षण दिल्यावर घट्ट बांधणीमुळे हात-पाय कापायची पाळी येणं बरंच कमी झालं, असा अहवाल २००५ मध्ये छापला गेला. आजोबांना नख दाबून दाखवा: दाबल्यावर पांढरं पडतं, सोडल्यावर दोन सेकंदांत लाली परत यायला हवी. नाही आली, बोटं मुंग्या आल्यासारखी किंवा गार वाटली, पेशंट बोटं सरळ करू देत नसेल, तर बांधलेलं सगळं तिथल्या तिथे सोडायचं आणि गाडी काढायची. पहिले दोन दिवस पूर्ण वेढा घालून कच्चून बांधायचं नाही. हाड कातडीबाहेर आलं असेल तर बांधायचंच नाही, स्वच्छ कपड्याने झाकून पाठवायचं. पाड्यावर एमबीबीएस डॉक्टरने 'हॉस्पिटलात जा' म्हटलं तर लोक विचार करतात. आजोबांनी म्हटलं तर निघतात. त्यांच्या ओळखीचे आणखी हाडवैद्य असतील, त्यांनाही बोलवा, आणि त्या बैठकीला पीएसएमच्या एखाद्या प्राध्यापकांना शेजारी बसवा.

दसरा-दिवाळीपासून कापसाच्या वेचणीला जोर येतो आणि कंबर धरून येणाऱ्या बाया वाढतात. नोंदींचा तक्ता त्याआधी छापून घ्या. दोन महिन्यांचे कागद जमले की पेशंटची नावं खोडून मला पाठवा. आकडे कसे मांडायचे ते दाखवीन आणि विभागप्रमुखांना द्यायचं एक पानी टिपण आपण मिळून लिहू.